मँचेस्टरला जाताय तर वीस मिनिटं पुढं रॉचडेललाही जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मँचेस्टरवरचा प्रवासलेख वाचला, फोटो छान होते, पण संपूर्ण लेखात फुटबॉलचं स्टेडियम, शॉपिंग आणि कुठं काय खायचं एवढंच होतं आणि शेवटी एक ओळ की आजूबाजूला जुनी गिरण्यांची गावं आहेत पण तिथं बघण्यासारखं काही नाही. ही ओळ वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय, पण कापू नका अशी विनंती आहे.

मी इचलकरंजीचा. घरी चार साधे माग होते, लहानपणापासून कांड्या भरणं, धोटा उचलून देणं हे सगळं केलंय, नंतर एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागलो आणि मॅनेजर म्हणून रिटायर झालो. जी.डी.सी. अँड ए. म्हणजे सहकार आणि हिशोबाच्या सरकारी डिप्लोमाच्या परीक्षेला बसलो तेव्हा पुस्तकात पहिलाच धडा होता रॉचडेलच्या पायोनियर लोकांचा, म्हणजे तिथं सहकारी दुकान काढणाऱ्यांचा, २८ माणसं, १८४४ साल, अमुक तत्त्वं, सगळं पाठ केलं, पेपरात लिहिलं, पास झालो, आणि ते गाव खरंच कुठंतरी आहे आणि आपण तिथं जाऊ शकतो हे तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही. मुलगी आणि जावई मँचेस्टरला नोकरीला आहेत, दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं दोन महिने राहायला गेलो होतो, तेव्हा एक दिवस स्टेशनवर बोर्डावर नाव दिसलं, रॉचडेल. मी मुलीला म्हणलं अगं हे तेच का, तर तिला काहीच माहीत नाही. आणि गंमत म्हणजे ती चार वर्षं घराजवळच्या को-ऑपच्या दुकानातून दूध आणत होती, तेही त्याच सहकारी चळवळीतलं दुकान.

मँचेस्टर व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रेननं वीसेक मिनिटं लागतात, पिवळी ट्राम पण जाते पण ती फार वेळ घेते. गावात उतरल्यावर पहिल्यांदा जरा निराशाच होते खरं सांगायचं तर, बंद दुकानं दिसतात, गिरण्या गेल्या की गावाचं काय होतं ते आम्हाला सांगायला नको. पण टोड लेन नावाचा एक छोटा दगडी फरसबंदीचा रस्ता आहे, टोड म्हणजे बेडूक असं मला वाटलं होतं, पण तसं नाही, तिथल्या बोलीत द ओल्ड लेन म्हणजे जुनी गल्ली असं म्हणताना त्याचं टोड लेन झालं असं सांगतात. तिथं ३१ नंबरचं विटांचं जुनं घर आहे. तेच ते दुकान.

आता या दुकानाची गोष्ट नीट सांगतो, कारण आपल्याकडं सगळे सहकार सहकार करतात पण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रॉचडेल मुळात लोकरीचं गाव, फ्लॅनेल नावाचं मऊ लोकरी कापड विणण्यासाठी प्रसिद्ध, कापसाचं सूत आणि मोठ्या गिरण्या नंतर आल्या. हातमागावरच्या विणकरांची मजुरी यंत्रमागामुळं वर्षानुवर्षं उतरत चालली होती. १८४४ मध्ये विणकरांनी मजुरीसाठी संप केला तो मोडला. पोटाला नाही, मत द्यायचा हक्क नाही, आणि वर दुकानदाराची उधारी. उधारी असली की दुकानदार देईल ते घ्यावं लागतं, मग पिठात खडू, साखरेत वाळू, वापरलेली चहापत्ती परत वाळवून विकलेली, आणि वजन कमी. उधारीची वही काय असते हे मागवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही, माझ्या आईनं शनिवारच्या पगारापर्यंत कशी वही चालवली ते मी बघितलंय.

तर या लोकांनी काय केलं, आठवड्याला दोन पेनी असे पैसे जमवायला सुरुवात केली, नंतर तीन पेनी केले. सगळे विणकर नव्हते, कोणी लोकर निवडणारा, कोणी लाकडी तळाचे बूट करणारा, कोणी फेरीवाला. वर्षभर घरोघर फिरून जमवले २८ पौंड. त्यातले १० पौंड वर्षाचं भाडं ठरवून टोड लेनच्या गोदामाचा खालचा मजला घेतला. २१ डिसेंबर १८४४, शनिवार, रात्री आठ वाजता दुकान उघडलं, तिकडं ती वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. माल होता किती, २८ पौंड लोणी म्हणजे आपल्या हिशोबानं तेरा किलोच्या आत, पंचवीस किलो साखर, तीनेकशे किलो पीठ, एक पोतं ओटचं पीठ आणि काही मेणबत्त्या, बास. गॅस कंपनीनं दिव्याला गॅस द्यायला नकार दिला म्हणून त्यातल्याच मेणबत्त्या लावल्या असं तिथं सांगतात. बाहेर गिरणीतली बॉबिन बदलणारी पोरं उभी राहून ओरडत होती, म्हाताऱ्या विणकरांचं दुकान उघडलं रे उघडलं म्हणून. आत कोण पहिल्यांदा दाराच्या फळ्या काढणार यावरून या लोकांचीच चुळबुळ चालली होती, कारण सगळ्यांना माहीत होतं की याआधीही अशी दुकानं निघाली होती आणि बुडाली होती.

हे महत्त्वाचं आहे. रॉचडेल हे जगातलं पहिलं सहकारी दुकान नाही, आपल्या पुस्तकात तसं छापलेलं असतं ते चूक आहे. खुद्द रॉचडेलमध्ये दहा-अकरा वर्षं आधी एक दुकान काढलं होतं, उधारीपायी बुडालं. या लोकांनी त्यातून शिकून नियम केले. उधार अजिबात नाही, रोख. वजन बरोबर, माल शुद्ध. भांडवलावर ठराविक व्याज, त्याहून जास्त नाही. उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आणि शेअर कितीही असोत, एका माणसाला एकच मत. बाईला पण. १८४६ मध्ये एलायझा ब्रायरली ही पहिली स्त्री सभासद झाली, आणि हे लक्षात घ्या की त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा नवऱ्याची धरत, ती तिची स्वतःची होण्यासाठी १८७० चा कायदा यावा लागला. म्हणजे टोड लेनच्या पीठ-साखरेच्या दुकानात बाईला जो मान होता तो देशाच्या कायद्यात पाव शतक उशिरा यायला सुरुवात झाली.

दुकानात आता म्युझियम आहे, १९३१ पासून. पुढची खोली तशीच उभी केलीय, पिंपं, फळी, तराजू, बाक. मी त्या तराजूसमोर किती वेळ उभा होतो मला माहीत नाही, बायको हाक मारत होती. तिथं माहिती सांगायला एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजीचा डिव्ही नंबर त्यांना अजून पाठ आहे. डिव्ही म्हणजे डिव्हिडंड, खरेदीवरचा परतावा, लहान मुलांना दुकानात पाठवताना आई तो नंबर पाठ करून घ्यायची कारण नंबर चुकला तर खरेदी दुसऱ्याच्या खात्यावर जायची. त्यांनी तो म्हणून दाखवला, पाढा म्हणतात तसा. मी पतसंस्थेत आयुष्य काढलं, हजारो खाते नंबर हाताखालून गेले, पण एखाद्या सभासदाच्या नातवाला तो असा प्रेमानं पाठ असेल असं मला नाही वाटत.

वाढलं पण किती. १८६० पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, १८८० पर्यंत दहा हजारांच्या वर. वरच्या मजल्यावर वाचनालय केलं, वर्तमानपत्रं ठेवली, १८५३ पासून नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी काढला, अशिक्षित म्हणून हिणवलेल्या विणकरांनी. १८६३ मध्ये अशा दुकानांनी एकत्र येऊन मँचेस्टरला घाऊक खरेदीची संस्था काढली. त्यांची तत्त्वं आंतरराष्ट्रीय सहकारी संघानं १९३७ मध्ये मान्य केली, पुढं १९६६ आणि १९९५ मध्ये सुधारली, आज तुमच्या हाउसिंग सोसायटीच्या एजीएममध्ये तीन फ्लॅटवाला आणि एक फ्लॅटवाला दोघांनाही एकच मत असतं त्याचं मूळ तिथं आहे.

सगळं गोडच झालं असं नाही, ते पण लिहिलं पाहिजे. दुकान चाललं म्हणून १८५४ मध्ये त्यांनी सहकारी कापड गिरणी काढली, त्यात कामगारालाही नफ्यात वाटा होता. गिरणी चालायला लागली तसे नुसते डिव्हिडंडसाठी शेअर घेणारे आत आले आणि १८६२ मध्ये त्यांनीच बहुमतानं कामगारांचा वाटा बंद करून टाकला. जुने पायोनियर विरोध करत राहिले पण मतं कमी पडली. हे वाचताना मला आपल्याकडच्या सूतगिरण्या आणि कारखाने आठवले, संस्था ज्यांच्यासाठी काढली ते बाहेर आणि भलतेच आत. माझ्या बहिणीची रिटायरमेंटची रक्कम एका पतसंस्थेत अडकली होती, सात वर्षं हेलपाटे घातले, व्याज तर गेलंच, मुद्दल पण सगळं आलं नाही. ती संस्था काढणारी पहिली माणसं सोन्यासारखी होती, मी त्यांना ओळखत होतो. म्हणून सांगतो, चेअरमन आणि संचालक लोकांचे अभ्यासदौरे निघतात ना परदेशी, ते इथं न्या आणि त्या गिरणीची गोष्ट पण वाचायला लावा.

आता बाकीचं गाव. टाऊन हॉल बघून मी खरंच गप्प झालो. १८७१ मध्ये उघडला, वीस हजार पौंडाच्या अंदाजानं सुरू झालेलं काम दीड लाखाच्या वर गेलं, गिरणीवाल्यांचा पैसा आणि हौस. मोठ्या सभागृहाच्या लाकडी छताला देवदूत कोरलेत, भिंतीवर राजा मॅग्ना कार्टा या हक्कांच्या जुन्या सनदेवर सही करतोय असं भलं मोठं चित्र, रंगीत काचा. १८८३ मध्ये मनोरा आगीत जळाला तर मँचेस्टरचा टाऊन हॉल बांधणारे आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी नवीन दगडी घड्याळाचा मनोरा बांधला. बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता, २०२४ मध्ये परत उघडला, छताचे रंग आता कालच दिल्यासारखे दिसतात. समोर रोच नदी वाहते, ही पण गंमत आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातल्या मध्यभागी नदीवर स्लॅब टाकून रस्ते केले होते, लोक विसरूनच गेले खाली नदी आहे म्हणून, आणि २०१६ मध्ये तो स्लॅब काढून नदी परत मोकळी केली तर खाली मध्ययुगातला दगडी पूल जसाच्या तसा निघाला. आमची पंचगंगा आठवली, काय बोलणार.

टाऊन हॉलसमोर ग्रेसी फील्ड्सचा पुतळा आहे. १८९८ मध्ये मासे आणि बटाट्याच्या कापांच्या दुकानाच्या वर तिचा जन्म झाला, लहानपणी अर्धा दिवस शाळा अर्धा दिवस गिरणी, अशा मुलांना तिकडं हाफ-टायमर म्हणायचे, आणि पुढं ती इंग्लंडची सगळ्यात लाडकी गायिका आणि सिनेमातली नटी झाली. गावाला तिचा अभिमान आहे हे बोलण्यात कळतं.

वरच्या बाजूला ब्रॉडफील्ड पार्क नावाची बाग आहे, तिथं जॉन ब्राइटचा पुतळा. हा माणूस आपल्याशी फार जोडलेला आहे आणि आपल्या शाळेत याचं नाव कोणी सांगत नाही. रॉचडेलच्याच गिरणीमालकाचा मुलगा, जन्म १८११, धान्यावरच्या जकातीविरुद्ध लढला, पार्लमेंटमध्ये गेला. १८४८ मध्ये भारतात कापूस किती आणि कसा पिकू शकेल याची चौकशी करणारी पार्लमेंटची समिती याच्याच अध्यक्षतेखाली बसली. त्यात गिरणीवाल्यांचा स्वार्थ होताच, अमेरिकेच्या कापसावर सगळं अवलंबून राहायला नको म्हणून. पण ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार वाईट आहे, शेतकरी सारा भरून मेटाकुटीला आलाय आणि रस्ते-पाण्यावर खर्च होत नाही हेही तो उघड बोलत होता. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, कापूस यायचा थांबला, रॉचडेल-मँचेस्टरच्या लँकेशर भागातल्या गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक मदत म्हणून वाटलेल्या पातळ सूपवर जगले. त्याच वेळी आपल्याकडं वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावानं मुंबईहून जायला लागला, मुंबईत कंपन्या आणि बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या योजनांचे शेअर आभाळाला भिडले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. तिकडं उपासमार, इकडं तेजी, मग तिकडं चुली पेटल्या आणि इकडं दिवाळं. पुतळ्याखाली बसून मी हे सगळं बायकोला सांगत होतो आणि पाऊस सुरू झाला.

तिकडच्या गिरण्यांच्या स्वस्त कापडानं आपले विणकर बसवले हे मी विसरलेलो नाही, कोणी विसरूही नये. पण तिथं जाऊन पहिल्यांदा असं जाणवलं की त्याच यंत्रानं आधी त्यांचेही विणकर बसवले होते, आणि टोड लेनचं दुकान हे त्या बसलेल्या विणकरांनी काढलेलं आहे. आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि त्याच १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुढच्या वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळला पहिली सोसायटी निघाली. आपल्या पतपुरवठा सोसायट्या जर्मनीत गावोगावी शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढणाऱ्या रायफायझनच्या वळणावर निघाल्या हे खरं, रॉचडेलचं वळण बघायचं तर ग्राहक भांडारात बघायचं, १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगारांनी सुरू केलेला अपना बाजार हे त्याचं सख्खं भावंड. गिरणीतल्या माणसांनी स्वतःच्या घरच्या पीठ-तेल-साखरेसाठी काढलेलं दुकान, शंभर वर्षांच्या अंतरानं दोन समुद्र ओलांडून.

यंत्राची आवड असेल तर रॉचडेलपासून जवळच मिल्नरो गावात एलनरोड इंजिन हाउस आहे ते चुकवू नका. गिरणी पाडून टाकली पण वाफेचं इंजिन आणि दोनशे वीस फुटी चिमणी राखलीय. जोडी इंजिन, एकाचं नाव व्हिक्टोरिया, दुसऱ्याचं अलेक्झांड्रा, दोन्ही मिळून ३ हजार अश्वशक्ती, आणि ठराविक रविवारी वाफ करून चालवतात. चाकावरून दोर कसे सुटून प्रत्येक मजल्यावर जायचे ते तिथं डोळ्यांनी समजतं. चालवणारे सगळे स्वयंसेवक, हातावर ग्रीस, एकानं मला तेलाची कुपी दाखवली आणि मी आमच्या मागाला तेल कसं घालायचो ते हातवाऱ्यांनी दाखवलं, भाषेचा प्रश्न आला नाही. हॉलिंगवर्थ तलाव पण छान आहे, कालव्याला पाणी पुरवायला दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी बांधलेला, पुढं रेल्वे आल्यावर समुद्राला जायची ऐपत नसलेले गिरणी कामगार सुट्टीला तिथं जायचे म्हणून त्याला विणकरांचं बंदर म्हणत.

एक जागा मात्र पर्यटनाची नाही, पण लिहितोच. रॉचडेलमधल्याच स्पॉडन नदीच्या खोऱ्यात एस्बेस्टॉसचं कापड करणारा जगातला सगळ्यात मोठा कारखाना होता. तिथं काम करणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी फुप्फुसात धूळ बसून गेली, आणि एस्बेस्टॉसच्या धुळीनं मृत्यू झाल्याची वैद्यकीय मासिकात छापून आलेली ती पहिली नोंद. कंपनीनं भरपाई नाकारली, तिला पुरलं त्यावर दगडसुद्धा नव्हता. आपल्याकडं अजून शेडवर एस्बेस्टॉसचे पत्रे टाकतात, कापतात, तोंडाला रुमालसुद्धा नसतो. आमच्या पेठेत तर निम्म्या मागांवर तेच छप्पर आहे.

गावात आता पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, पन्नास-साठच्या दशकात गिरण्यांच्या रात्रपाळीला माणसं मिळेनात तेव्हा त्यांना आणलं, मग गिरण्याच बंद झाल्या. मिठाईच्या दुकानात आम्ही जिलेबी घेतली, दुकानदारानं विचारलं कुठले, मी म्हणलं महाराष्ट्र, यंत्रमागाचं गाव, तर म्हणाला माझे वडील इथं तेवीस वर्षं रात्रपाळीला सूत कातत होते. पैसे घेईना.

आता संपादकसाहेब, मूळ मुद्दा. रॉचडेलनं एक दहा पौंड भाड्याचं दुकान जपलं. आपल्याकडं काय जपलंय ते सांगा. आमच्या भागातल्या एका फार जुन्या सोसायटीची पहिली दफ्तरं, पहिल्या सभासदांच्या अंगठ्यांसकट, ऑफिस नवीन बांधताना रद्दीत गेली, मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता. प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला कारखाना, गावोगावच्या पहिल्या विकास सोसायट्या, दूध संघाचं पहिलं संकलन केंद्र, ग्राहक भांडाराचा पहिला गाळा, यातल्या निदान एका-एका जागेवर तिथं पहिला हिशोब कोणी लिहिला, पहिले शेअर कोणी घेतले याचा बोर्ड आणि ती वही काचेत दिसायला पाहिजे. तुमच्या पेपरची प्रत्येक तालुक्यात माणसं आहेत, वाचकांना आवाहन करा की जुनी पासबुकं, शेअर सर्टिफिकेटं, सभेची प्रोसिडिंगं असतील तर रद्दीत घालू नका, फोटो पाठवा, दर रविवारी अर्धं पान छापा. माझ्याकडं वडिलांचं १९६३ सालचं विणकर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, दहा रुपयाचं, त्यापासून सुरुवात करा.

आणि तो प्रवासलेख लिहिणाऱ्यांना निरोप द्या, म्युझियम रोज उघडं नसतं, आधी बघून जा, आणि छत्री न्या, तिथं दुपारनंतर पाऊस हमखास येतो.

आपला एक जुना वाचक,
इचलकरंजी